भुरीचं अपील

आजचं काम उद्यावर ढकलण्याची विद्या निजामाच्या अख्ख्या रियासतीत आमच्या मामांइतकी दुसऱ्या कुणाला साधली असेल, असं मला वाटत नाही. मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. जालन्याच्या अदालतीत ते पेशकार होते. हाकिमापुढं कागद मांडायचा, पक्षकारांचा पुकारा करवायचा आणि हाकिमाला जांभई आली की पुढली तारीख लिहायची, यात त्यांची सगळी उमर गेली. वजिफा, म्हणजे पेन्शन, सुरू झाल्यावर ते भोकरदनला आमच्या अंगणापलीकडच्या खोलीत येऊन राहिले, पण अदालत काही त्यांच्यातून निघाली नाही. खोलीचं छप्पर गळायला लागलं की वर बघून म्हणायचे, "तहकूब." म्हणजे लांबणीवर. दाढ ठणकली, तहकूब. चप्पल तुटली, तहकूब. एकदा बांधावरच्या बाभळीवरून दोन भाऊबंद कुऱ्हाडी घेऊन उठले, तर मामा धोतर सावरत मधे जाऊन उभे राहिले. म्हणाले, "दोन्ही फरीक ऐका. आज हाकिमाची तब्येत बराबर न्हाई. पुढल्या बाजारी या." कुठला हाकिम, कसली तब्येत, हे एकमेकांना विचारता विचारता त्या दोघांचा राग उतरला आणि ते आमच्याच ओसरीवर चहा पिऊन गेले.

आंघोळीचं तर रोजचं नाटक. पाणी तापलंय म्हणून मी दाराआडून कितीही सांगितलं तरी मामा हलायचे नाहीत. पुकारा झाल्याशिवाय हजर व्हायचं नाही, हा कायदा! मग सासूबाई चुलीपासून ओरडायच्या, "पेशकार हाजिर है?" पहिल्या पुकाऱ्याला मामा खाकरायचे, दुसऱ्याला पंचा शोधायचे आणि तिसऱ्याला "हाजिर!" म्हणत पळत सुटायचे, कारण तिसऱ्या पुकाऱ्यालाही माणूस हजर झालं नाही तर मुकदमा खारिज होतो. "खारिज म्हंजे मेल्यागत, सूनबाई," ते मला सांगायचे. "तहकुबीत जान असते." आणि हे सगळं डोक्यावर लाल रूमी टोपी चढवून. दात घासतानासुद्धा टोपीचा काळा गोंडा कानावर डुलत असायचा. अदालतीतल्या हाकिमांना ते कधी भ्याले नसतील, पण सासूबाईंना मात्र थरथर कापायचे. मामांच्या या आक्कांनी नुसतं "पेशकार!" म्हटलं की गोंड्याला कापरं भरायचं.

आता भुरीबद्दल सांगते. भुरी माझ्या आईची मांजर. माझं लग्न झालं त्याच साली पिंपळगाव रेणुकाईला आई तापानं गेली. तिचे दिवस करून परत निघताना मी भुरीला टोपलीत घातलं आणि बैलगाडीतून भोकरदनला आणलं. माहेरचं दुसरं काही माझ्यापाशी नव्हतं. यजमान जालन्याला जिनिंगमध्ये, घरी यायचे कधीमधी. दिवेलागणीला भुरी मांडीवर येऊन घुरघुरायला लागली की मला आईच्या चुलीपाशी बसल्यासारखं वाटायचं. अशा त्या भुरीला एका हिवाळ्यात अंगभर खाज सुटली. कानामागचे केस गेले, मानेवर तांबडे चट्टे उठले, आणि मागच्या पायानं खरखरा खाजवून ती रक्त काढायला लागली. सासूबाईंनी ते बघितलं आणि हुकूम सोडला, "घरादाराला खरूज लावती का काय? उद्या सालदाराला सांगते, पोत्यात घालून केळणा नदीच्या पल्याड सोडून यील."

भिंतीपलीकडं एक मुसलमान बाई राहायच्या, सगळे त्यांना खाला म्हणायचे. मी रडत भुरीला भिंतीवर ठेवलं. त्यांनी तिचे केस फुंकून बघितले आणि म्हणाल्या, "अगे, खारिश हुई है इसकू. इलाज होता ना. निकालते कायको?" मला जरा धीर आला. घरात सासूबाईंपुढं बोलू शकेल असं माणूस एकच, मामा. मी पदर सावरून त्यांच्या दाराआड जाऊन उभी राहिले. पण मामेसासऱ्यांपुढं नव्या सुनेनं "खाज" हा शब्द उच्चारायचा कसा? इश्श! म्हणून मी खालांचा तो भारदस्त उर्दू शब्द वापरायचं ठरवलं, आणि मनातल्या मनात घोकता घोकता त्याचं शेपूट बदललं.

"मामा," मी म्हणाले, "भुरी खारिज झालीया."

खाटेवर आडवे झालेले मामा ताडकन उठून बसले. "खारिज? कुणी केली खारिज?"

"सासूबाईंनी. नदीपल्याड सोडायला सांगितलंय."

"सुनावणी झाली?"

"न्हाई."

"गवाह?"

"न्हाई, मामा."

"एकतर्फी!" मामांनी खाटेच्या माच्यावर मूठ आपटली. "बिना सुनावणी खारिज! हे बिलकुल चालायचं न्हाई. सूनबाई, अपील दाखल झालं समज."

आणि खरंच, छप्पर वर्षानुवर्षं गळू देणारा तो माणूस त्याच पावली अंगणात आला. सासूबाई सुपात तूर पाखडत होत्या. मामांनी टोपी नीट केली, पण आवाज काही नीट होईना. "आक्का, मांजरीचं अपील आलंय. फैसला होईस्तोवर तिला हलवता यायची न्हाई. तारीख, पुढल्या बाजारी." सासूबाई म्हणाल्या, "येड लागलं का रं तुला?" पण बाजार काही फार लांब नव्हता, म्हणून त्यांनी सोडून दिलं. मी दाराआडून बघत होते. तेवढ्यात भुरी समोर येऊन बसली आणि कान खाजवायला लागली. मामा चष्मा पुसून तिच्याकडं बघत राहिले, मग माझ्याकडं बघितलं. "सूनबाई, हिला खारिश हाय. तू खारिज म्हणलीस." मी लाजून चूर झाले. मामा टोपीचा गोंडा मागं सारत म्हणाले, "असू दे. दाखल झालं ते झालं."

मग इलाज सुरू झाला. खालांनी सांगितल्याप्रमाणं कडुनिंबाचा पाला उकळायचा, पाणी कोमट होऊ द्यायचं आणि भुरीला न्हाऊ घालायचं. तिला धरायला मामा. त्यांच्या हातांवर असे ओरखडे उठले की विचारू नका, पण प्रत्येक ओरखड्याला ते तिला "तशरीफ रखिये" म्हणायचे. पण अंग सुकलं की बाई पुन्हा चाटायला आणि खाजवायला मोकळी, चट्टे भरायचे कसे? मामांनी बराच विचार केला. मग डोक्यावरची टोपी काढली. सासरी आल्यापासून मी त्यांचं टक्कल पहिल्यांदा बघत होते. त्यांनी कात्रीनं टोपीचं वरचं बूड कापलं आणि उरलेली नळी भुरीच्या मानेत चढवली, रुंद तोंड पुढं करून. ना तिची जीभ अंगापर्यंत पोचे, ना पाय कानापर्यंत. गोंडा काही त्यांना फेकवेना, म्हणून तो दोऱ्यानं बाजूला बांधला. भुरी तो डुलवत ओसरीवर फिरायला लागली आणि रस्त्यानं जाणारे लोक तिला वाकून "आदाब, पेशकारसाहेब" करायला लागले. मामा बोडक्या डोक्यानं तो आदाब हसत घ्यायचे. ज्या टोपीशिवाय त्यांनी कधी तोंड धुतलं नाही, ती त्यांनी माझ्या आईच्या मांजरीसाठी कापली होती.

बाजार आला, तेव्हा हाकिम दौऱ्यावर निघाले. पुढच्या बाजारी गवाह म्हणजे खुद्द भुरी बीमार होती. त्यापुढं हाकिमांना पडसं झालं. सासूबाई चिडायच्या, "ह्यो तुझा हाकिम जितेपणी यायचा का?" पण तारीख मोडून टाकायचं त्यांच्याही मनात येत नसे. पंचाईत एकच होती. दिवसा भुरीला बरं वाटायचं आणि सकाळी उठावं तर नवे चट्टे. शेवटी मामा म्हणाले, "मौक्यावर तपास झाला पायजे. ही झोपती कुठं?"

"पहिले माझ्याजवळ झोपायची," मी म्हणाले. "थंडी पडल्यापासून येत न्हाई."

सासूबाई अचानक उठून पाणी प्यायला गेल्या. मामांनी त्यांच्या पाठीकडं बघितलं, आत जाऊन त्यांची घोंगडी उचलली आणि अंगणात उन्हात झटकली. टणाटण पिसवा उडाल्या! पायथ्याच्या बाजूला भुरीचे केस अगदी गादीसारखे जमले होते.

"मला थंडी वाजती पायाला," सासूबाई आतूनच म्हणाल्या. "येऊन झोपली गुमान. मंग काय हाकलू का?"

मला हसावं की रडावं कळेना. घोंगडी राखेच्या कढत पाण्यात बुडवून दिवसचे दिवस माळवदावर वाळत पडली आणि बघता बघता भुरीच्या मानेवर नवी लव आली. मग एके दिवशी भुरीला मांडीवर घेऊन सासूबाईच म्हणाल्या, "पेशकार, कर आता फैसला. ठिवायची म्हण." मामा उभे राहिले, खाकरले, टोपीसाठी डोक्याकडं हात नेला. पण आयुष्यात फैसला कधी त्यांनी केलाच नव्हता. "हाकिम दौऱ्यावर हायेत, आक्का," ते म्हणाले. "तहकूब." भुरी त्या तहकुबीवरच पुढं कितीतरी वर्षं जगली, तीनतीनदा व्याली, आणि म्हातारी होऊन सासूबाईंच्या पायथ्याशी गेली.

माझं सासर माझं झालं ते त्या हिवाळ्यात, असं मी आजही म्हणते. मामांचे उपकार मला कधी नीट बोलून दाखवता आले नाहीत. निजामी गेली त्या सालच्या थंडीत मामा अंथरुणाला खिळले. कचेरीतली उर्दू भाषा आता बदलणार, असं सगळे बोलत होते. "आपली जबानबी वजिफ्यावर गेली, सूनबाई," ते म्हणाले. "आता आपलाबी पुकारा व्हायचा." मी म्हणाले, "मामा, तहकूब." ते माझ्याकडं बघत राहिले, मग ओठातल्या ओठात हसले. "तारीख?" "पुढल्या बाजारी." "मंजूर," ते म्हणाले आणि कुशीवर वळून झोपले.

बाजाराच्या दिवशी सकाळी मी पाणी तापवलं. सासूबाईंनी चुलीपासून हाक दिली, "पेशकार हाजिर है?" खोलीतून खाकरणं ऐकू आलं नाही. त्यांनी जरा थांबून पुन्हा पुकारा केला. मग आम्ही दोघी एकमेकींकडं बघत बसलो, पाणी खळखळायला लागलं तरी. मी तोंड उघडलं, तसा त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"तिसरा न्हाई करायचा, पोरी," त्या म्हणाल्या. "राहू दे त्याला तहकूब."