पाण्यानं अडवलेली खोली

लांबून ऐकू नकोस, बाई. अशी जवळ सरकून बसल्यासारखी ऐक. फोनवर "हाव मावशी, येते मावशी" करतेस अन् येत काही नाहीस. दिवाळी गेली, संक्रांत गेली. किनवटच्या त्या वसतिगृहातली समदी लेकरं काय तूच एकटी सांभाळून राहिलीस का? जेवतेस तरी का वेळेवर?

तू का येत नाहीस ते मला ठाऊक आहे. म्हणून तर हे पत्र लिहायला बसले.

तुझी आई, माझी आक्का, गेली त्या साली तू आली होतीस. नायगावचं घर भाड्याचं, ते सुटलं होतं. दिवाळीचा सण करायचा नव्हताच, पण लेकीनं पिशवी घेऊन कुठंतरी जावं लागतं ना. तू लातूरला माझ्याकडं आलीस. दारात मी तुझ्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. तू आत आलीस अन् पिशवी हातातच धरून उभी राहिलीस. मधल्या खोलीत ओळीनं निळी टिपाडं, त्यांच्या पुढं पिंपं, पिंपांवर हंडे, हंड्यांच्या आडोशाला तेलाचे डबे. सगळे भरलेले. खिडकी तर त्यांच्यामागं कधीच गेली होती.

"मावशी," तू म्हणालीस, "तुझं पाणीच पसरून झोपलंय. मी कुठं झोपू?"

हसून म्हणालीस. चहा पिऊन संध्याकाळच्या गाडीनं नांदेडला गेलीस, तिथून पुढं. तू रुसून गेली असतीस तर एवढं लागलं नसतं.

ज्या साली आमच्या गावाला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा तू लहान होतीस. नळ नुसता फुसफुसायचा. टँकरपाशी बायका एकमेकींच्या घागरी ओढायच्या, मीही ओढल्या. तेव्हा आक्का नायगावहून ओळखीच्या एसटी कंडक्टरजवळ पाण्याचे दोन कॅन द्यायची. झाकणाखाली तांबडं फडकं बांधलेलं, सांडू नये म्हणून. मी स्टँडवर जाऊन उतरवून घ्यायची. आक्का फोनवर म्हणायची, "चहा तरी पोटभर पी गं."

पुढं पाऊस झाला, धरणं भरली. पण माझा हात काही थांबला नाही. पोरानं गच्चीवर टाकी बसवून दिली, तरी मी टिपाड आणलंच. घरात तिरकं होऊन चालायचं, कुबट वास, डास. डासांच्या अळ्या बघायला येणारी पोरगी दरवेळी मान हलवायची अन् मी तिला चहा पाजून वाटेला लावायची. झोपायची स्वयंपाकघरात, मोरीच्या नळाकडं कान करून. झोप कसली ती.

तू गेलीस अन् आठ-पंधरा दिवसांनी मी पहिलं टिपाड अंगणात आडवं केलं. पाणी झाडांना गेलं, वाया नाही गेलं, पण माझ्या घशाला अशी कोरड पडली की आत जाऊन दोन तांबे पाणी प्याले. रेणापूरहून माझी जाऊ टिपाडं न्यायला टेम्पो घेऊन आली. खोली बघून म्हणते, "जाऊबाई, नदी विकायला काढली का काय?"

"ने की गप. म्हशींना पाजव."

तिनं माझं तोंड बघितलं अन् मग हळूच म्हणाली, "एक राहू द्या. समदं एकदम नको, जीव घाबरल तुमचा." अशी आहे ती. एक राहिलं, मोरीत.

मग खिडकी उघडली. भिंतीला लई ओल धरली होती. ती खरवडून चुना दिला. खाट टाकून मीच तिथं झोपून बघितलं. सकाळी उठले तर गल्लीतल्या बायका म्हणाल्या, नळ येऊन गेला. मला कळलंच नाही, बाई. किती वर्षांनी अशी झोपले असेन!

आक्काचे ते दोन कॅन तेवढे निघेनात. भंगारवाल्याच्या गाड्यापर्यंत नेले अन् परत आणले. मग वाटलं, माझ्या घरात कुणी तहानलेलं राहू नये म्हणून तिनं पाठवले ते, अन् त्या पाण्याच्याच पायी तिची लेक माझ्या घरातून झोपायला जागा नाही म्हणून गेली. आक्का बोलली असती मला. एक कॅन देऊन टाकला. दुसरा धुवून खिडकीत ठेवलाय, तांबड्या फडक्यासकट. तो तुझा. न्यायचा तर ने, नाही तर इथंच राहू दे, आलीस की बघायला.

आई नाही म्हणून माहेर नाही, असं मनात आणू नकोस. खाट खिडकीपाशी आहे, वाकळ उन्हात घालून ठेवलीय. पिशवी कुठं ठेवू म्हणून विचारायचं नाही आता. लेकरांना सुट्टी लागली की निघ. नांदेडला गाडीत बसलीस की सांग, मी स्टँडवर येते. अन् संध्याकाळची गाडी बघून येऊ नकोस. राहायला ये.