देशाचा पाव

शाळेच्या सभागृहात तो पहिल्यांदा आला, तेव्हा मुलांना वाटलं, बेकरीवाला चुकून आत शिरला. काखेत अख्खा पाव, हातात सुरी. पण तो लोकसंख्या खात्याचा व्याख्याता होता, आणि तोही हंगामी.

"हा आपल्या देशाचा पाव," म्हणत तो पावाचे दोन तुकडे करी. "आजोबांच्या वेळी तोंडं एवढीच होती." मग चार, आठ, सोळा, बत्तीस. शेवटचा तुकडा चिमटीत धरून विचारी, "तोंडं वाढली, पाव तेवढाच. आता पोट भरेल का?" सगळे हळहळत. मग तो तुकडे वाटून टाकी. अन्न वाया घालवणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं.

घोडं इथेच पेंड खात होतं. पाव त्याची बायको घरी भाजायची, आणि तिच्या हाताला चव अशी की व्याख्यानाला माणसं लोटू लागली. बायका कडेवरची पोरं आणत, वर शेजारणीचीही आणत.

"अहो, शेवटच्या पोराच्या हाती नुसता चुरा आला म्हणे," एकदा बायको म्हणाली.

"अगं, तेच तर दाखवायचंय!"

"दाखवा की. पण पोरांना रडवून?"

पुढच्या वेळी तिने पीठ जरा जास्त मळलं. मग आणखी जरा. पाव बाळसं धरू लागला. काखेत मावेना, तेव्हा त्याला वाटलं, आपलंच वय झालं. तो पाव सायकलला बांधून नेऊ लागला.

अशातच मोठे साहेब व्याख्यान ऐकायला येणार असं कळलं. पसंत पडलं तर नोकरी कायम, नाहीतर घरी बसा. बायको म्हणाली, "आज पाव मीच घेऊन येते."

तो पाव सभागृहात दोघांनी मिळून उचलून टेबलावर ठेवला. व्याख्यात्याने पावाभोवती एक फेरी मारली, पण सभागृह खच्चून भरलेलं. आता माघार कुठली?

दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस. सुरी थकली. शेवटचा तुकडा दोन्ही हातांनी धरावा लागला.

"आता... पोट भरेल का?" त्याने कसंबसं विचारलं.

"भरेल!" सगळे एका सुरात ओरडले.

"माझं तर अर्ध्यातच भरेल बाबा," मागून एक आजी म्हणाली.

साहेबांनी एक तुकडा संपवला, दुसरा घेतला. "व्याख्यान साफ पडलं," ते तोंड पुसत म्हणाले. "पण आपल्या खात्याच्या कार्यक्रमाला एवढी माणसं मी जन्मात पाहिली नाहीत. तुम्हाला काढलं तर ही सगळी माझ्या दारात येऊन बसतील. नोकरी कायम. पण यापुढे भाषण बंद!"

घरी जाताना बायको एवढंच म्हणाली, "बघा, मोठा केला ते बरं झालं ना?"

हल्ली तो जन्मनोंदणीच्या खिडकीत बसतो आणि नव्या बाळांचे दाखले देतो. रांग पार रस्त्यापर्यंत असते.