शून्य मार्कांची खोली

आधीच सांगते, असल्या गोष्टी सुरू झाल्या की चहा ठेवायच्या निमित्तानं उठून जाणारी मी बाई. सिव्हिल डिप्लोमा झालाय माझा. भिंत का पडते, हे मला कारणासकट माहीत असतं... म्हणूनच हे लिहायला इतके महिने गेले.

सोलापुरातल्या विद्यापीठात जुने कागद स्कॅन करायचं कंत्राटी काम मी करते. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, तो नवरा बघतो. शेडच्या मागच्या भिंतीला चिकटून त्यानं एक खोली काढली होती. तिथं माझे सासरे, म्हणजे अप्पा, दिवसभर यंत्रमागांसाठी सुताच्या कांड्या भरत बसायचे. मागं ओढा असल्यानं खोलीचा एक कोपरा तिरका कापलेला. बांधताना मी म्हटलं होतं, कॉलम टाका. पण पिकतं तिथं विकत नाही, तसं माझं इंजिनिअरिंग.

गेल्या भाद्रपदात विद्यापीठात आमच्याकडे एक पेटी आली. शंभरेक वर्षांपूर्वी इंजिनिअरिंग शिकलेल्या एका मुलाची कॉलेजातली ड्रॉइंग्ज. नाव लिहीत नाही, त्याच्या घरचे लोक आहेत अजून. मोत्यासारखं अक्षर, एकसारखी रेघ. प्रत्येक शीटवर मास्तरांनी लाल शाईत मार्क दिलेले, तेही भरभरून.

दुपारी डबा खाऊन शेवटची शीट उघडली. सर्व्हे कॅम्पचं काम होतं — सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्याकडेचा माळ. ओढा, बाभळी, बांध. आणि ओढ्याच्या वळणावर एक लांबट इमारत. तिच्या पाठीला चिकटलेली एक खोली. खोलीचा एक कोपरा तिरका कापलेला.

आधी मी हसले. मग आमच्या शेडचा प्लॅन मोबाईलवर काढून शेजारी धरला... तो मीच काढलाय. मापं जुळत होती. दार जुळत होतं.

शेड सलग रेघेत होती. खोली मात्र तुटक रेघेत. आम्हाला शिकवलेलं — उभं आहे ते सलग, पडलंय ते तुटक. खाली मास्तरांचा इंग्रजीत शेरा होता: जागेवर अशी कोणतीही इमारत नाही. आणि मार्क — शून्य.

मी नवऱ्याला फोन लावला. मागांच्या खडखडाटात ओरडावं लागलं.

"अप्पा कुठं आहेत?"

"खोलीत की. कांड्या भरायलेत. का?"

"त्यांना बाहेर काढा. आत्ता."

"काय झालंय तुला? हातातलं काम टाकून ते उठतेत का कुणाच्या सांगण्यानं?"

खरंच उठले नसते. अप्पा काम टाकून उठतात ते एकाच गोष्टीसाठी. आम्ही लिंगायत. आमचे जंगम, म्हणजे स्वामी, घरी जेवायला आले की घरातल्या मोठ्या माणसानं समोर यायला हवं. आमच्याकडे तोवर पान वाढत नाहीत. देवाधर्माच्या नावानं मी कधी खोटं बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"स्वामी आलेत घरी म्हणावं. अप्पांसाठी खोळंबलेत."

फोन सुरूच होता. नवऱ्यानं निरोप ओरडून सांगितला. मग अप्पांचा आवाज आला, "अय्यो, आदी सांगायचं की रे!"

"निघाले बघ," नवरा म्हणाला. "गाडीवर बसवून आणतो."

आणि थोड्या वेळानं असा आवाज आला, की त्यात मागांचा खडखडाटही बुडाला. फोन कट झाला.

मी लावत राहिले, तो उचलेना. त्या खुर्चीत मी मेल्यात जमा होते. शेवटी त्याचाच फोन आला. नवरा रडत होता. "खोली गेली गं सगळी. अप्पा हितंच हायत, गाडीवर. कायबी झालं न्हाय त्यांना."

संध्याकाळी अप्पा धुळीनं पांढरे होऊन घरी आले. पहिलं काय विचारलं, तर "स्वामी कुटं हायत?"

मी सगळं सांगितलं, शीटचा फोटो दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरून पाहिला. मग म्हणाले, "स्वामींचं नाव घेतलीस न्हवं? मग आता बोलवून जेवू घालायचं. त्या पोराच्या नावानं."

सोमवारी घातलं. गव्हाची हुग्गी, म्हणजे आमची खीर, केली होती, अप्पांनी स्वतः वाढली.

खोली का पडली, ते मी सांगू शकते. कॉलम नव्हता, ओढ्याच्या पाण्यानं पाया भिजलेला, त्यात मागांचे हादरे. पण उघड्या माळावर उभं राहून त्या मुलाला ती दिसली कशी? आमच्या विभागातल्या सरांना मी शीट दाखवली. कागद जुनाच, शाईही जुनीच, असं ते म्हणाले. "योगायोग असतात हो" असंही म्हणाले, पण नंतर त्यांनी ती शीट परत हातात घेतली नाही.

पण मला छळतं ते वेगळंच. बाकी सगळीकडे भरभरून मार्क मिळवणारा तो पोरगा इथं शून्य घेऊन बसला. मास्तर खवळले असतील, पोरं हसली असतील. खोली गाळून दुसरी शीट काढणं त्याला काय अवघड होतं? पेटीत दुसरी शीट नाही. हीच आहे, तेवढी एकटी कापडात गुंडाळलेली.

जुन्या कागदावर पेन टेकवायचं नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. मी तो पाळते. पण त्या शून्यापाशी आलं की हात शिवशिवतो.