गरम पडलं म्हणजे?

"गरम पडलं म्हणजे नक्की काय झालं?" हे विचारताना बाई चष्मा कपाळावर चढवायच्या. समोर विद्यार्थी असो की माझ्यासारखा कार्यालयातला कारकून, उत्तर मिळेपर्यंत चष्मा खाली यायचा नाही.

सांगलीजवळच्या आमच्या फार्मसी कॉलेजात त्या औषधांची सुरक्षितता शिकवायच्या. औषधाने कुणाला काय त्रास होतो ते बघायचं आणि वर कळवायचं, असा विषय. मुलं तो परीक्षेपुरता पाठ करायची. हे डॉक्टरांचं काम, आपण कशाला मध्ये पडायचं, असं त्यांना वाटे. शिवाय आपल्याकडे औषधाचा त्रास होतो असं कोण म्हणतं? औषध 'गरम पडतं'. मग सब्जा प्यायचा आणि गोळी चालूच ठेवायची. तुम्हीही हेच करत असाल.

एकदा मी नोटीस घेऊन वर्गाच्या दारात उभा होतो. बाईंनी विचारलं, "घरी कुणाला औषध गरम पडलंय का?"

कोरेगावचा एक मुलगा हसत उठला. "आमच्या आबांना, मॅडम. सांधेदुखीची नवी गोळी. मीच सांगितलं, सब्जा प्या."

"म्हणजे नक्की काय झालं?"

"तोंड आलंय. डोळं चुरचुरत्यात. अंगावर लाल चट्टं उठल्यात."

चष्मा झटकन खाली आला. "फोन लाव. आत्ता."

आबा फौजेतून निवृत्त झालेले. ते कसले ऐकतात! "आरं, उष्णता हाय रं. उतरंल."

बाईंनी फोन हातात घेतला. "आबा, मी याची शिक्षिका. ही उष्णता नाही, जिवावर बेतेल. पुढची गोळी घेऊ नका. उठा, डॉक्टरकडे निघा."

आबांच्या अंगाची सालं निघाली, पण माणूस वाचला. पुढे हा त्रास कळवायची वेळ आली तेव्हा पोरगा अडला. "डॉक्टरांचं नाव खराब हुईल, मॅडम."

"कुणाच्या नावासाठी नाही रे. पुढच्या आबांसाठी कळवायचं."

त्यानंतर बाईंच्या तासाला डुलक्या काढणारी मुलंही जागी राहू लागली.

गेल्या वर्षी बाई वारल्या. औषधाची पट्टी हातात घेतली की मला अजून त्यांची आठवण येते.

परवा रक्तदाबाच्या नव्या गोळीने माझे ओठ सुजले. त्या मुलाचं आता कोरेगावात औषधाचं दुकान आहे. त्याला फोन केला आणि सवयीने म्हणून गेलो, "गोळी गरम पडली रे."

"साहेब, गरम पडली म्हंजी नक्की काय झालं?"

"ओठ सुजलेत," एवढंच सांगितलं आणि माझा गळा दाटून आला. पुढे शब्द फुटेना. त्याला वाटलं, गळाही सुजला.

"पुढची गोळी घेऊ नका! उठा, डॉक्टरकडं निघा!" तो ओरडला.

मी डोळे पुसले आणि मुकाट्याने उठलो.