छापलेला शब्द

"त्या इस्त्रीला धग नव्हती," असं ती सिनेमा बघून म्हणाली होती, आणि समीक्षक संघाच्या चिटणिसांना तेव्हाच कळलं होतं की आजची बैठक सरळ पार पडायची नाही.

ती त्यांना काका म्हणे. तिच्या वडिलांची लाँड्री त्यांच्या घराखालीच होती. बारा वर्षं ती तिथे टेबलाशी उभी राहिली. उजव्या मनगटावर भाजल्याचा तपकिरी डाग आहे तो तिथलाच. काकांच्या शर्टाच्या खिशात राहिलेला सिनेमाचा पास ती परत द्यायला आली, तेव्हा ते म्हणाले, "ठेव, बघून ये." आली ती सांगत, "हाणामारी झाली तरी हिरोच्या शर्टाची घडी मोडली नाही." काका खूप हसले. मग त्यांच्या ध्यानात आलं, तोच सिनेमा आपण परीक्षणात 'वास्तववादी' म्हणून डोक्यावर घेतला होता.

त्यांनीच तिला सायंदैनिकात लिहायला लावलं. यंदा संघाच्या परीक्षक मंडळावर आणलं तेही त्यांनीच. चारही परीक्षक एकाच खुर्चीतून सिनेमा बघतात अशी बाहेर ओरड होती, म्हणून एका जागी तिला घेतलं.

पुरस्कारासाठी ठरलेला सिनेमा इस्त्रीवालीचाच होता. बाकीच्या तिघा परीक्षकांना तो कवितेसारखा वाटला.

"दोन तास ती बाई उभी आहे," ती म्हणाली, "आणि एकदाही या पायावरचा भार त्या पायावर टाकत नाही. हे सगळं काउंटरच्या बाहेरून बघितलेलं आहे."

"अहो, ती प्रतीक आहे," अध्यक्ष म्हणाले.

"प्रतीकाचे पाय दुखत नाहीत का?"

"तुम्ही सिनेमा बघता की कपडे?" दुसऱ्याने टोमणा मारला.

"दोन्ही. तुमचं एक राहून जातं."

हशा पिकला. तीही हसली. मग म्हणाली, "पुरस्कार द्या, माझं काही म्हणणं नाही. फक्त माझं मत वेगळं होतं, एवढी एक ओळ लिहा."

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. मानपत्र त्यांच्यापुढे होतं. 'परीक्षक मंडळाने एकमताने'. मजकूर त्यांचाच, तीस वर्षांपूर्वीचा. तेव्हा त्या शब्दाचा त्यांना फार अभिमान वाटला होता.

"छापलेलं आहे गं," ते म्हणाले.

"नोंदवहीत तरी लिहा, काका."

"नोंदवही आणि मानपत्र जुळायला नको का?" अध्यक्ष म्हणाले. "आणि बाई, मंडळात सगळ्या नजरा असाव्यात म्हणून तर तुम्हाला घेतलं. निवेदनात तुमचं नाव सगळ्यात वर आहे."

"मग मी सही करत नाही."

"हरकत नाही. तिघांची पुरते."

काकांच्या हातात पेन होतं. एका ओळीचं काम. तिचं बरोबर आहे हे या खोलीत त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी नोंदवहीत तारीख घातली, उपस्थितांची नावं लिहिली, तिचंही लिहिलं. हात पुढे गेला तो जुनाच शब्द लिहून थांबला: 'एकमताने'.

ती बघत होती. मानपत्राचा एक कोपरा दुमडला होता. तिने तो तळहाताने दाबून सरळ केला, पिशवी खांद्याला लावली आणि निघून गेली.