डाव्या विंगेतले नाना

माझ्यावर सर्वांत जास्त ऋण आहे ते आमच्या गडब गावच्या दामूनानांचं. नागोठण्याजवळच्या कंपनीत ते शिफ्टवर जात आणि गावदेवीच्या जत्रेतल्या नाटकात डाव्या विंगेत उभं राहून नटांना शब्द पुरवत. नट अडला की डावीकडे सरकायचा आणि प्रेक्षकांतून हाळी यायची, "चालला बघा राजा, नानाकडं पाणी प्यायला!" एकदा महाराज झालेला पांडू मागे मागेच जाऊ लागला. नाना कुजबुजले, "अरं मेल्या, मागं पडदा हाय!" पांडूने छाती काढून तेही प्रधानाला ठणकावलं.

माझ्या आईबापांना वाचता येत नव्हतं. पेणच्या कॉलेजात पहिल्यांदा उभं राहून बोलायचं होतं, तेव्हा नानांनी ओटीवर तयारी करून घेतली. मी गप्प झालो की म्हणायचे, "घाबरतोस कशाला, सुध्या? शब्द मी देतो, आवाज तुझा." सुरुवातही त्यांचीच होती: 'मी गडबचा. माझे आईबाप मजुरी करतात.' आज मी रोह्याला कॉलेजात शिकवतो.

गेल्या वर्षी नानांच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. ऑपरेशनसाठी मुंबईला निघताना म्हणाले, "एकदा मोठं थेटर दाव. मागून." तिथल्या एका जुन्या ऑपेरा हाऊसची मागची बाजू लोकांना दाखवतात, तिथे त्यांना नेलं. पडद्यांचे दोर, वजनं, रंगपटातले आरसे. नानांचं कशातच लक्ष नव्हतं. दाखवणाऱ्या मुलीला त्यांनी विचारलं, "बाय, शब्द देणारा कुठं उभा राह्यचा?" तिने पडद्याआडची एक अरुंद जागा दाखवली. नानांनी भिंतीवरून हात फिरवला.

"नाना, आज पुढे जा. मोठ्याने बोला," मी म्हणालो. जन्मभर कुजबुजलेला माणूस, आणि आता आवाजच जाणार होता. ते रंगमंचाच्या मधोमध उभे राहिले. समोर रिकाम्या खुर्च्या. तोंड उघडलं, शब्द फुटला नाही. मग हळूहळू डावीकडे सरकत परत आले.

"नाय जमत रं. तिथं गेलं की वाटतं, कुणीतरी शब्द देल. तू जा."

मी गेलो. डावीकडून खरखरीत कुजबूज आली, "मी गडबचा." मी ते मोठ्याने म्हटलं. माझा आवाज पार वरच्या सज्ज्यापर्यंत गेला. विंगेत नाना डोळे मिटून ऐकत होते.

ऑपरेशननंतर ते घराबाहेर पडेनासे झाले. जत्रा जवळ आली तेव्हा मी पत्र पाठवलं. वाचून त्यांनी ते उशीखाली ठेवलं, असं त्यांच्या सूनबाई, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणाल्या. जत्रेपर्यंत नाना राहिले नाहीत. पत्र असं होतं:

ती. नाना यांस सा. नमस्कार.

पाटीवर लिहायचंही तुम्ही सोडलंत, असं वहिनी सांगतात. पांडू रुसून बसलाय. म्हणतो, "नाना नाय तर अडल्यावर सरकू कुणाकडं?" तेव्हा यायचं. डाव्या विंगेत खुर्ची टाकतो. तुम्ही ओळीवर बोट ठेवा, मी मागे उभा राहून कुजबुजेन. शब्द तुम्ही द्या, नाना. आवाज माझा.

तुमचा,
सुध्या