गोड्याची गाणी, मामाचं नाव

हजेरी घेताना सहावीतल्या एका मुलाने ‘हजर’ असं सुरात म्हटलं आणि अख्खा वर्ग हसला. तेव्हा मी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मुलं त्याला गोड्या म्हणत. आठवीत जाईपर्यंत त्याच्या गाण्यांच्या रेकॉर्ड निघाल्या, त्याचे फोटो मुलींच्या वह्यांवर आले होते, आणि तो शाळेत परीक्षेपुरताच येई, मामाबरोबर.

आईवडील नव्हते, मामाच सगळं बघायचा. एकदा त्याने स्टाफरूममध्ये आम्हाला छोटी पाकिटं वाटली. आत गोड्याचे केस. कार्यक्रमांत मुली ती विकत घेत. मी माझं उघडलं, तर काळ्यांत दोन पांढरे.

“मामा, चौदाव्या वर्षीच पिकला का हो हा?”

“मागणी फार आहे, बाई. मग न्हाव्याकडे खाली पडलेले असतात, तेच झाडून आणतो.”

मी दोनदा हात धुतले, तरी डबा खाववेना.

पुढे गोड्याचा आवाज फुटला. रेकॉर्डिंगचा वेग वाढवून कंपनीने तो आणखी दोन वर्षं कोवळाच ठेवला. त्याच दिवसांत तो गाणी लिहू लागला. ती छापून आली मामाच्या नावाने.

“पोस्टरवर थोबाड तुझं, आता नावही तुझंच? किती वाढून घेशील?” हे मामाचं उत्तर.

गोड्या मला म्हणाला, “बाई, गायलो नाही तरी चालेल. पण लिहिलेलं माझं आहे, हे कुणाला तरी कळायला हवं.”

कळलं ते मामाच्या हौसेपायी. एका नामांकित गायिकेच्या रेकॉर्डिंगला तो कवी म्हणून मिरवत गेला. सोबत गोड्या. तिसऱ्या ओळीत गायिकेचा श्वास तुटायला लागला.

“कविराज, इथे आखूड शब्द द्या,” संगीतकार म्हणाला.

मामाने छत न्याहाळलं, कपाळ पुसलं, चहा मागवला. शेवटी म्हणाला, “गाळून टाका ना तो.”

“शब्द आहे हो, चहाचा चोथा नाही,” तबलजी पुटपुटला.

गोड्याने बसल्या जागेवरून शब्द दिला. श्वासाला जागा मिळावी म्हणून पुढची ओळही फिरवली. संगीतकार त्याला म्हणाला, “पुढचं गाणं तू आण. एकटा ये.”

आज पन्नाशीतल्या गोड्याच्या नावावर तीनशेच्या वर गाणी आहेत. पहिली अकरा अजून मामाच्याच नावाने वाजतात, आणि मामा आल्यागेल्याला ती ‘आमची’ म्हणून ऐकवतो. माझ्या अंगावर शिसारी येते. मामा राहतो गोड्याच्याच घरी, आणि सकाळचा चहा त्याला गोड्याच करून देतो.